चौदा साड्यांचा हिशेब : दुकानातील माणसे आणि काम सांभाळण्याचे काही धडे



आपण व्यापारी एकत्र बसलो की मालाच्या भावाविषयी, उधारीविषयी, करांविषयी आणि बँकेच्या कर्जाविषयी बोलतो. या सर्व गोष्टी महत्त्वाच्या आहेत. परंतु दुकानात चार माणसे असोत किंवा कारखान्यात चाळीस, नफ्यातोट्याचा मोठा भाग त्या माणसांच्या हातून येतो व जातो. त्यांना कसे वागवावे, काम कसे वाटून द्यावे, चूक झाली तर काय करावे, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. आपण ते बापाचे पाहून शिकतो, नाहीतर नुकसान सोसून शिकतो.

आम्ही खामगावला कापडाच्या धंद्यात तीस वर्षांहून अधिक काळ आहोत. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या तोंडून शिकलो. त्यामुळे भाषेत काही उणे राहिल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. पुढे जे लिहिले आहे त्यातील निम्मे आमच्या चुकांमधून आलेले आहे. त्यातली एक चूक प्रथम सांगतो, कारण बाकीचे धडे तिच्याशीच जोडलेले आहेत.

घडले ते असे

२००५ साल आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या वर्षी दिवाळी १ नोव्हेंबरला आली आणि त्याच आठवड्यात ईदही झाली. रमजानची खरेदी व दिवाळीची खरेदी एकाच महिन्यात आली. सोयाबीनचा पैसा नुकताच खेड्यांत पोहोचला होता. नांदुरा, शेगाव, मोताळा, जळगाव जामोद या बाजूंची गिऱ्हाइके सकाळी दहापासून रात्री उशिरापर्यंत येत. दुकानात आम्ही धरून सात माणसे. उभ्याने जेवण आणि उभ्यानेच रोजा सोडणे, अशी अवस्था होती.

ईदनंतर माल मोजला तेव्हा एका जातीच्या चौदा साड्या कमी भरल्या. साड्यांचा विभाग मोताळा तालुक्यातील एका मुलाकडे होता. पाच वर्षे तो आमच्याकडे होता. हिशेबात पक्का, बोलण्यात गोड, बायाबापड्यांना जुने गिऱ्हाईक नावानिशी ओळखणारा. आम्ही त्याला सर्वांसमोर विचारले. खरे सांगायचे तर विचारले नाही, ठरवून टाकले. तो म्हणाला, "शेठ, म्या नाही नेल्या. वही एकडाव पाहा ना." आम्ही वही पाहिली होती. वहीत माल होता, कप्प्यात नव्हता. आमच्या मते हिशेब तिथेच संपला होता.

त्याचा दीड महिन्याचा पगार आमच्याकडे शिल्लक होता. तो आम्ही साड्यांच्या किमतीपोटी अडवला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. आम्ही मनात म्हटले, चोर होता म्हणूनच आला नाही.

फेब्रुवारीत सुरतेच्या व्यापाऱ्याकडून वर्षाचा उतारा आला. त्यात चौदा साड्या आमच्या नावे जमा होत्या. ऑक्टोबरच्या गर्दीत त्या जातीचा रंग सुटतो म्हणून आम्ही स्वतःच त्या परत पाठवल्या होत्या. ट्रान्सपोर्टची बिल्टी आमच्याच डायरीत सापडली. वहीत नोंद करायची राहिली होती, आणि ती नोंद करण्याचा अधिकार दुकानात आमच्याशिवाय कोणालाही नव्हता.

आम्ही त्याच्या गावी गेलो. तो सुरतेला कामाला गेला होता. घरी त्याची आई होती. अडवलेला पगार व वर काही रक्कम आम्ही तिच्या हातात ठेवली आणि झाले ते सांगितले. तिने पगाराचे पैसे मोजून घेतले आणि वरचे परत केले. मग म्हणाली, "पैसे दिले शेठ, पन गावात त्याचं नाव गेलं, ते कोन देईन?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते व आजही नाही. परंतु पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय करावे, हे मात्र आम्ही हळूहळू शिकलो.

पहिला धडा : माणसाला धरण्याआधी कारण धरा

मालेगाव किंवा भिवंडीत ज्यांनी माग पाहिले आहेत त्यांना ताण्याचा एक धागा तुटला तर काय होते हे ठाऊक आहे. माग चालू राहिला तर पुढचे सर्व कापड दोषाचे निघते. जपानमध्ये साकिची तोयोदा नावाचा एका सुताराचा मुलगा होता, जन्म १८६७ चा. त्याने आयुष्यभर मागावर काम केले. त्याच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाची ख्याती अशी की धागा तुटला किंवा बाणा संपला की माग आपोआप थांबे. त्यामुळे एक माणूस अनेक मागांवर लक्ष ठेवू शके. याच घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला, तो आज टोयोटा या नावाने जगभर माहीत आहे.

त्या कारखान्यात एक रीत रुजली. काही बिघडले की लगेच माणसाला दोष द्यायचा नाही. काम थांबवायचे आणि 'का' हा प्रश्न एकामागून एक पाच वेळा विचारायचा. पहिल्या उत्तरावर थांबायचे नाही. आम्ही आमच्या चौदा साड्यांवर ही रीत उशिरा का होईना लावून पाहिली :

साड्या कमी का भरल्या? कारण वहीत होत्या त्या कप्प्यात नव्हत्या.

कप्प्यात का नव्हत्या? कारण सुरतेला परत गेल्या होत्या.

मग वहीत का राहिल्या? कारण वापसीची नोंद झाली नव्हती.

नोंद का झाली नाही? कारण बिल्टी आमच्या डायरीत राहिली आणि आम्ही गर्दीत विसरलो.

दुसऱ्या कोणी का नोंदवली नाही? कारण वहीला हात लावण्याची इतरांना मनाई होती.

पाचव्या प्रश्नाला उत्तर आले ते गादीवर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवणारे होते. पहिल्याच प्रश्नावर थांबलो म्हणून ते बोट काउंटरवरच्या मुलाकडे गेले. हे पाच प्रश्न विचारायला दहा मिनिटे लागली असती.

कारखान्यात, शिवणकामाच्या दुकानात, बेकरीत, गॅरेजात, कोठेही ही रीत चालते. मात्र एक अट आहे. पाचही प्रश्नांत मालकाचे नाव येऊ शकते, याची मालकाची तयारी हवी.

दुसरा धडा : मोजणारा वेगळा, घेणारा वेगळा

आपला जिल्हा कापसाचा. खामगावची कापसाची पेठ इतकी मोठी होती की इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा काढला. एवढ्या मोठ्या पेठेत तोलाचे वाद होणे साहजिक होते. त्यातूनच वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाडाचाच भाग होता. या कायद्याने बाजार समित्या नेमल्या, दलाल व व्यापाऱ्यांना परवाने लावले आणि वजनमापे तपासण्याची सोय केली. देशात शेतमालाच्या बाजाराचे नियमन करणारे जे पहिले कायदे झाले त्यांत याची गणना होते.

या व्यवस्थेतून दुकानदाराने दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

एक, तोलणारा माणूस घेणाराचा नसावा. आजही बाजार समितीत अडत्या, मापारी, हमाल, खरेदीदार यांचे काम वेगवेगळे असते व परवानेही वेगळे असतात. आपल्या दुकानात मात्र माल मागवणारा, उतरवून घेणारा, वहीत लिहिणारा आणि शेवटी मोजणारा एकच असतो, तो म्हणजे मालक. त्याची चूक मग पकडणार कोण? आम्ही आता असे केले आहे की गठाण एकाने सोडायची, दुसऱ्याने मोजायची आणि दोघांनी बिलाच्या मागे सही करायची. वापसीसाठी वेगळी वही आहे व ती काउंटरवर असते. माल दुकानाबाहेर गेला की ज्याच्या हातून गेला त्याने तिथेच लिहायचे, मग तो मालक असला तरी. महिन्यातून एकदा एका विभागाचा माल दुसऱ्या विभागाच्या माणसाने मोजायचा. यात कोणावर संशय नाही. उलट, ज्याची मोजणी दुसऱ्याने केली त्याच्यावर उद्या कोणी खोटा आळ घेऊ शकत नाही. वहीची शिस्त नोकराचेही रक्षण करते, हे आम्हाला पूर्वी कळले नव्हते.

दुसरी गोष्ट त्या कायद्याच्या उणिवेतून शिकण्यासारखी आहे. त्या समित्यांवर नगरपालिकेची माणसे होती, कापसाचे व्यापारी होते, पण कापूस पिकवणारा शेतकरी नव्हता. नियम ज्याच्यासाठी होता त्यालाच बसायला जागा नव्हती. पुढे १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने ही उणीव दाखवली. आपणही दुकानाचे नियम गादीवर बसून एकट्याने ठरवतो. सुटीचे नियम करताना, हंगामाची वेळ ठरवताना, काउंटरची मांडणी बदलताना काउंटरवर उभ्या असलेल्यांचा मशवरा घ्यावा. आमच्याकडे साड्यांचे कप्पे डोक्यापेक्षा उंच होते. दिवसातून शंभर वेळा स्टुलावर चढउतार होई. हे बदलावे असे एका मुलीने सुचवले. ती येऊन दोनच महिने झाले होते. आम्ही त्याच दुकानात वीस वर्षे बसलो होतो, पण स्टुलावर चढलो नव्हतो.

तिसरा धडा : पगाराचा सौदा रुमालाखाली नको

जुन्या बाजारांत रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवण्याची पद्धत होती. शेतकरी समोर उभा असे, पण त्याच्या मालाचा भाव त्यालाच कळत नसे. खुल्या लिलावाने ती पद्धत बंद पाडली. परंतु आपल्या दुकानांत पगाराचा सौदा अजूनही रुमालाखालीच होतो. कोणाला किती, उचल किती, कापले किती, ईद-दिवाळीला किती, हे सर्व मालकाच्या मनात असते. म्हणून नोकर आपसात कुजबुजतात आणि मालक म्हणतो की वातावरण बिघडले.

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

पगाराची तारीख ठरलेली असावी आणि ती चुकू नये. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, ही मुदत जुन्या १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात होती आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचा मोबदला द्यावा, ही शिकवण तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. मालकाची उधारी वसूल झाली नाही, हे पगार लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. नोकराने आपल्याला उधारी द्यायला सांगितले नव्हते.

उचल देताना दोन ठिकाणी लिहावी, आपल्या वहीत व त्याच्या हातातील छोट्या वहीत. दर महिन्याला किती कापायचे ते देतानाच ठरवावे. शिवणकाम करणारे कारागीर, भरतकाम करणाऱ्या बाया, विणकर यांच्याबाबतीत उचलीवरून जितके तंटे होतात तितके कामावरून होत नाहीत. काही लोक मोठी उचल देऊन कारागिराला बांधून ठेवतात. तसा बांधलेला माणूस मन लावून काम करत नाही व संधी मिळाली की रातोरात गाव सोडतो. पैसे जातात आणि कारागीरही जातो.

नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे. हे नुसते सौजन्य नाही, कायदा आहे. दंड असो वा नुकसानभरपाई, माणसाला खुलासा करण्याची संधी दिल्याशिवाय कपात करता येत नाही, आणि दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, अशी मर्यादा घातलेली आहे. आम्ही २००५ मध्ये दीड महिन्याचा पगार एका वाक्यात अडवला, तेव्हा यातले काहीही विचारात घेतले नव्हते. सर्व नियम येथे देणे शक्य नाही. आपल्या कर सल्लागाराला किंवा कामगार कार्यालयात विचारावे.

चौथी गोष्ट, वाढ देताना कारण सांगावे. ज्याला वाढ दिली नाही त्यालाही सांगावे. कारण सांगता येत नसेल तर आपला निर्णय पुन्हा तपासावा.

चौथा धडा : विसरता येणार नाही असे सांगावे

इमाम अबू हनीफा यांना आपण फिकहचे इमाम म्हणून ओळखतो. ते कूफा शहरात रेशमी कापडाचे व्यापारीही होते, हे आपण कापडवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावे. त्यांच्याविषयी एक हकिकत सांगितली जाते. त्यांनी भागीदाराकडे काही माल विकायला दिला व एका कापडात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला दाखवून मगच विक, असे सांगितले. भागीदार सांगायला विसरला आणि कापड विकून बसला. घेणारा कोण तेही आठवेना. इमामसाहेबांना कळले तेव्हा त्यांनी त्या मालाची सर्व रक्कम दानात देऊन टाकली.

ही हकिकत आपण सचोटीची म्हणून सांगतो, ती आहेच. परंतु दुकान चालवणाऱ्याने तीत आणखी एक गोष्ट पाहावी. चूक दुसऱ्याच्या विसरण्याची होती, पण तोटा त्यांनी स्वतः घेतला. धंद्याचे नाव त्यांचे होते, म्हणून जबाबदारीही त्यांची. आणि आपल्यासारख्या साध्या माणसांनी यातून असाही बोध घ्यावा की केवळ तोंडी सांगितलेले गर्दीत टिकत नाही.

आमच्या दुकानात आता दोषाच्या मालाचा कप्पा वेगळा आहे. प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी टाचलेली असते : डाग कोठे, सवलत किती. चिठ्ठी पाहिल्याशिवाय बिल होत नाही. याचप्रमाणे शिलाईच्या मापांसाठी, थानाची लांबी तपासण्यासाठी, बोहरणीपासून दुकान वाढवेपर्यंतच्या कामांसाठी एकेक कागद भिंतीवर लावला आहे. नवीन मुलगा आला की त्याला हजार सूचना देण्याऐवजी आम्ही आठ दिवस एका जुन्या माणसाबरोबर उभे करतो. पहिले दोन दिवस त्याने फक्त पाहायचे व घड्या घालायच्या. तिसऱ्या दिवसापासून जुन्या माणसासमोर कापड फाडायचे. थानावर कात्री चुकली तर ते कापड पुन्हा जुळत नाही, म्हणून पहिला हात कटपीसवर बसवतो. शिकवणाऱ्या जुन्या माणसाला त्या आठवड्याचे थोडे जास्त पैसे देतो, कारण शिकवणे हेही काम आहे.

चूक सांगण्याचीही रीत आहे. चांगले केले तर चारचौघांत सांगावे, चूक असेल तर आतल्या खोलीत. गिऱ्हाइकासमोर नोकराचा पाणउतारा केला तर गिऱ्हाइकाच्या मनात दुकानाचीच किंमत उतरते. राग आला असेल तर निर्णय दुसऱ्या दिवशी घ्यावा. आमच्या वालिदसाहेबांची सवय होती की कोणाला कामावरून काढायचे असेल तर ते रात्री कधीही सांगत नसत. सकाळी सांगत, आणि पुष्कळदा सकाळी सांगतच नसत.

पाचवा धडा : हंगाम आधी मांडा, सुट्या आधी वाटा

आपल्या जिल्ह्यात कापडाचे वर्ष साधारण ठरलेले आहे. जूनमध्ये शाळेचे गणवेश, सोयाबीन व कापसाच्या पैशावर दसरा-दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला सैलानी बाबांची यात्रा. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला झाली आणि होळी त्याच महिन्यात १४ तारखेला होती. २०३० मध्ये तर जानेवारीत एक व डिसेंबरच्या अखेरीस दुसरा असे दोन रमजान सुरू होतील. २०३७ च्या सुमारास ईद व दिवाळी पुन्हा एकत्र येतील. २००५ ची ती गर्दी परत येणार आहे. तेव्हा गादीवर आमची मुले असतील. त्यांच्यासाठी आम्ही ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

गर्दीत चुका होतात त्या बहुधा थकव्याने होतात. म्हणून हंगामाच्या दीड महिना आधी आम्ही सर्वांना घेऊन बसतो. कोणाच्या घरी लग्न, कोणाची सोंगणी, कोणाचा यात्रेचा नवस, सर्व लिहून घेतो. आमच्याकडे दोन्ही समाजांची माणसे आहेत. रमजानमध्ये रोजेदारांना मगरिबच्या वेळी अर्धा तास मोकळे ठेवून बाकीचे काउंटर सांभाळतात. लक्ष्मीपूजन व भाऊबीजेला रोजेदार मंडळी दुकान सांभाळून त्यांना मोकळे करतात. ही देवघेव त्यांनी आपसात ठरवली, आम्ही फक्त कागदावर मांडली. जिथे मालक एकाच समाजाच्या सणाला सुटी देतो तिथे दुसऱ्या सणाला आजारपणाच्या खोट्या चिठ्ठ्या येतात, असा आमचा अनुभव आहे.

आणखी एक सांगावेसे वाटते. जुना माणूस थकला म्हणून त्याला काढू नये. साठी ओलांडलेल्या आमच्या एका गुमास्त्याचे गुडघे दुखतात. दिवसभर उभे राहणे जमत नाही. त्याला आम्ही उधारीची वही व वापसीची वही बसून सांभाळायला दिली. कोणत्या गावचा कोण, कोणाचा मुलगा कोण, कोणाचे पैसे कोणत्या पिकावर येतात, हे त्याच्या डोक्यात आहे. त्याच्याइतकी उधारी आमच्याने वसूल होत नाही.

सहावा धडा : वाईट दिवसांत बोलणे बंद करू नका

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. लग्नसराई गेली, मग रमजानही गेला. २५ मे च्या ईदला दुकानाच्या शटरवर धूळ होती. गोदामात लग्नाचा भरलेला माल आणि देणेकऱ्यांचे फोन. त्या वेळी पुष्कळांनी नोकरांचे फोन उचलणे बंद केले. आमच्याही मनात ते आले होते.

कापडाच्याच इतिहासात एक जुना दाखला आहे. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन नावाचा सूतगिरणीचा चालक होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेकडून येणारा कापूस अडला, तेव्हा गिरणी सुमारे चार महिने थांबवावी लागली. ओवेनने त्या काळातही मजुरांना पूर्ण मजुरी दिली व यंत्रे साफसूफ ठेवण्याचे काम दिले. गिरणी सुरू झाल्यावर त्या माणसांनी त्याच्यावर जो विश्वास टाकला तो नंतर कमी झाला नाही.

आपली ऐपत ओवेनची नाही. आम्ही पूर्ण पगार देऊ शकलो नाही. परंतु सर्वांना एकेक करून फोन केला व खरे सांगितले : तीन महिने निम्मा पगार देऊ शकतो, त्यापुढे सांगता येत नाही, दुसरे काम मिळाले तर खुशाल करा, परत यायची वाट मोकळी आहे. दोघे शेतीच्या कामाला गेले. एकीने घरी मास्क शिवले, त्यासाठी कापड आम्ही दिले. दुकान उघडले तेव्हा सर्वजण परत आले. निम्मा पगार कळवून दिला तर माणूस समजून घेतो. न कळवता थांबवला तर तो आयुष्यभर विसरत नाही.

स्वतःला विचारून पाहावे

लेख वाचून बाजूला ठेवण्यापेक्षा दर महिन्याच्या हिशेबाच्या दिवशी मालकाने हे सहा प्रश्न स्वतःला विचारावेत, अशी विनंती आहे :

१. या महिन्यात एखादी चूक झाली तेव्हा आपण आधी कारण शोधले की माणूस?

२. दुकानात असे कोणते काम आहे जे आपल्याशिवाय कोणीच करू शकत नाही? ते का?

३. प्रत्येकाला आपला पगार, उचल व शिल्लक नेमकी ठाऊक आहे का?

४. गेल्या महिन्यात कोणाला चारचौघांत बोललो? त्याची गरज होती का?

५. पुढच्या हंगामाच्या सुट्या ठरल्या का?

६. आपण उद्या आजारी पडलो तर दुकान कोण उघडेल, आणि त्याच्याकडे किल्ली आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांब असेल तर त्यात अभिमान मानू नये. २००५ मध्ये आमची वही फक्त आमच्या हाताने चालत होती व आम्ही तिला दक्षता समजत होतो.

तो मुलगा काही वर्षांनी सुरतेहून परत आला. जिल्ह्यातच त्याने स्वतःचे साड्यांचे दुकान टाकले आहे. दुकान चांगले चालते असे ऐकतो. रस्त्यात भेटला की रामराम होतो, मुलाबाळांची चौकशी होते. आम्ही त्याची माफी मागितली आहे व त्याने हसून 'जाऊ द्या शेठ' म्हटले आहे. परंतु आमच्याकडे घाऊक भावात मिळणारा माल तो अजून दुसऱ्याकडून घेतो. आम्हाला त्याचा राग येत नाही. त्या चौदा साड्यांचा जमाखर्च वहीत फेब्रुवारी २००६ लाच मिटला, एवढा एक हिशेब उघडा राहिला आहे. आपल्या दुकानात असा हिशेब उघडू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.